बिनचूक माणसाच्या गोळ्या

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन माणसं समोरासमोर बसून अकरा वर्षं काचा घासत होती. पुढे गिऱ्हाइकं, आरसे, ओळीने मांडलेल्या फ्रेमी आणि मालकाचं गोड बोलणं. मागे ही खोली, घासायची दोन चाकं, पाण्याचं भांडं आणि डोळे दिपवणारा एक दिवा. खोलीला दोन खिडक्या होत्या, पण फक्त नावाला. काचेवर बाहेरच्या धुळीचा एक कण बसला आणि त्यावरून फडकं फिरलं की ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठलेली काच कचऱ्यात जाते. म्हणून मालकाने खिडक्या लावून फटींवर चिकटपट्ट्या मारल्या होत्या. माणसं उकडून निघायची, काचा मात्र सुखात असायच्या.

त्या दोघांपैकी एकाला सगळे बिनचूक म्हणत. हे नाव मालकानेच ठेवलेलं. एकदा एक गिऱ्हाईक नवा चष्मा घेऊन तणतणत आलं होतं, की नंबर चुकलाय, डोकं दुखतंय. मालकाने काच मशीनखाली धरली तर नंबर तंतोतंत. बिघडले होते ते गिऱ्हाइकाचे डोळे. तेव्हापासून हा बिनचूक. तसा तो होताही. किल्ली ठरल्या खिळ्यावर, चप्पल ठरल्या फरशीवर, आणि घरातून निघायची वेळ अशी की शेजारीण त्याला बघून गॅसवर दूध ठेवायची. बायको म्हणायची, "यांच्याशी संसार म्हणजे रेघा आखलेल्या वहीत लिहायचं. जरा रेघेबाहेर गेलं की लगेच दिसतं." हे ती कौतुकाने म्हणायची की वैतागून, ते दिवसावर अवलंबून असे.

दुसरा फुंक्या. काच तयार झाली की तोंडाजवळ धरून तिच्यावर वाफ सोडायची आणि ती उजेडात बघायची, अशी या धंद्यातली रीत आहे. वाफ उडून जाताना ओरखडा असला तर त्याची रेघ दिसते. सगळेच करतात ते, पण फुंक्या छाती भरून, डोळे मिटून असा काही "हाऽऽ" करायचा की जणू काचेत जीवच ओततोय. तोंडाने अखंड बडबड, मधेच गाणं, मधेच मालकाची नक्कल. बिनचूक दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, उरलेली सगळी फुंक्या त्याच्या वतीने बोलून टाकायचा. दोघांचं जमायचं ते असं.

तीन वर्षांपूर्वी फुंक्याला क्षय झाला. त्याला खांद्याचा आधार देऊन आरोग्य केंद्रात नेलं ते बिनचूकने. मालकाने काखा वर केल्या. बरा झाल्याचा कागद आणल्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही, म्हणाला. तेव्हा बिनचूकने, दिवसाला दहा वाक्यं बोलणाऱ्या माणसाने, मालकासमोर उभं राहून सांगितलं, "त्याची खुर्ची रिकामी राहू द्या. त्याच्या काचा मी करतो." आणि सहा महिने त्याने दोन माणसांचं काम केलं. घरून बायको फुंक्याला जेवणाचा डबा पाठवायची. फुंक्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं, एक बहीण होती ती लांब. "वहिनी, तुमच्या हातचं खाऊन मेलेला माणूस उठून बसेल," तो म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

सहा महिन्यांनी फुंक्याची शेवटची थुंकी तपासली, त्यात जंतू नव्हते. कार्डावर "बरा" असा शिक्का बसला. त्या वर्षी केंद्रातल्या शंभर रोग्यांपैकी ब्याण्णव बरे झाले, आणि वरून पाहुणे आले तेव्हा भिंतीवर तो आकडा रंगीत कागदाने कापून लावला होता. जगात कुठेतरी मोठमोठे लोक मोठमोठ्या टेबलांभोवती बसून अमुक सालापर्यंत हा रोग जगातून हद्दपार करायचा असं ठरवतात, आणि मग त्यांना असे आकडे लागतात. फुंक्या त्या ब्याण्णवांतला एक होता. तो परत खुर्चीत येऊन बसला, काच उचलून "हाऽऽ" केलं, आणि बिनचूकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते चाकाचं पाणी उडालं म्हणून पुसून टाकलं.

फुंक्या अधूनमधून खोकायचा. "पॉलिशची पावडर रे," म्हणायचा. त्या खोलीत कोण खोकत नव्हतं?

दोन वर्षांनी बिनचूक खोकायला लागला. पॅन्ट कमरेवर राहीना, संध्याकाळी अंगात कणकण. तो स्वतःच केंद्रात गेला, स्वतःच डबीत थुंकी दिली, आणि तिसऱ्या दिवशी सिस्टरने सांगितलं, "काका, टीबी आहे. घाबरायचं नाही. सहा महिने रोज गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, की ठणठणीत." सिस्टर तरुण होती, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. कोणत्या औषधाला जंतू दाद देतात ते सांगणारं एक मशीन केंद्रात होतं, पण त्यात घालायच्या नळ्या संपल्या होत्या. येतील तेव्हा येतील. तोवर सगळ्यांना देतात त्याच गोळ्या सुरू करायच्या.

"एकही दिवस चुकवायचा नाही," हे बिनचूकला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. त्याने कॅलेंडरवर सहा महिन्यांच्या खुणा आधीच करून ठेवल्या.

पण गोळ्या घेताना समोर कोणीतरी बघणारं हवं, असा केंद्राचा आता नियम झाला होता. घरचं माणूस शक्यतो नको, घरचे लोक मुरवत करतात. फुंक्या पुढे झाला. "सिस्टर, मी यातून गेलोय. आता माझी पाळी." मालकाने बिनचूकलाही घरी बसवलं होतं. रोज सकाळी आठला, दुकानात जायच्या आधी, फुंक्या यायचा. बिनचूक पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसलेला असायचा, गोळ्या वाटीत, पाण्याचा पेला शेजारी. तो एकेक गोळी गिळायचा आणि मग फुंक्या हवालदारासारखा आवाज काढायचा, "आ कर. जीभ वर. डावीकडे. उजवीकडे. पास." मग कार्डावर खूण. बायको आतून हसायची. त्या सुरुवातीच्या दिवसांत त्या घरात एवढं एकच हसू होतं.

दोन महिन्यांनी थुंकी तपासली. जंतू होतेच. सिस्टरने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "काका, खरं सांगा. एखाददुसऱ्या दिवशी राहतात का गोळ्या?"

"नाही."

"मळमळतं, मान्य आहे. बरेच जण तोंडात धरतात आणि नंतर थुंकतात."

"मी नाही थुंकत."

"मग जंतू काय हवेतून आले?" सिस्टर म्हणाली, आणि मग जरा आवाज उतरवून, "तुमच्या मित्रालाही विचारलं मी. ते म्हणाले, 'माझ्यासमोर तर घेतो. मी गेल्यावरचं मला माहीत नाही.'"

बिनचूकने हे ऐकलं आणि सोडून दिलं. खरंच आहे की, तो गेल्यावरचं त्याला कसं माहीत असणार? फुंक्या जे पाहिलं तेच बोलला. बिनचूकला उलट ते बरं वाटलं, कारण तो स्वतःही तसंच बोलला असता. आता आठवलं की त्याच्या अंगाची आग होते, पण तेव्हा नाही झाली.

त्या वाक्याने मात्र घरात पाय पसरले. तपासणीला बायको बरोबर गेली होती, तिने ते ऐकलं होतं. आठवडाभराने बिनचूकला दिसलं, की फुंक्या गेल्यावर ती खोली झाडते तेव्हा केरसुणी खाटेखाली जरा जास्त वेळ फिरते. मग एकदा उशीचा अभ्रा उलटा केलेला सापडला. मग एके सकाळी ती मोरीतली जाळी काढून काडीने आत कोरत होती.

"काय शोधतेस?"

"काही नाही. पाणी तुंबतंय."

पाणी तुंबत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिनचूक मोरीतून बाहेर आला तो हातात काचेची बाटली घेऊन. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे ज्याने घेतल्यात त्याला माहीत असतं. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने, ज्याने बायकोसमोर कधी बनियनवर जेवण घेतलं नव्हतं, ती बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "बघ. हा रंग गोळीशिवाय येत नाही."

तिने पाहिलं. मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "आजची घेतलीत हो. कालचं कुठे दिसतंय त्यात?"

त्याने बाटली रिकामी केली, धुतली, फेकून दिली. हात धुताना त्याला स्वतःचीच शरम वाटली, आणि तिचा इतका राग आला की दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही. तेवीस वर्षांत ज्या माणसाने एक दिवस दूध आणायला चुकवलं नाही, तो गोळी चुकवेल असं हिला वाटूच कसं शकतं? तिचंही काय चुकलं म्हणा. गोळ्या घेतो म्हणणारा नवरा दर महिन्याला वाळत चालला होता. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे त्या बाईला कळेना.

लेक याच गावात दिलेली. तिला तीन महिन्यांची मुलगी होती. आजोबांनी नातीला अजून हातात घेतलं नव्हतं. थुंकी साफ होईपर्यंत नाही, हा नियम त्याने स्वतःच सगळ्यात आधी स्वतःला घालून घेतला होता. लेक दर रविवारी यायची आणि अंगणात उभी राहून खिडकीतून बाळ दाखवायची. चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी तिने बाळाला खांद्यावर घेतलं, बाळाचं तोंड त्याच्याकडे नाही, पाठ त्याच्याकडे.

"बाबा, आई म्हणते ते खरंय का? गोळ्या सोडताय तुम्ही?"

"नाही सोडत."

"मग तुम्हाला हिला घ्यायचंच नाहीये का?"

त्याला बोलायचं होतं ते सगळं एका खोकल्यात अडकलं. लेक चटकन मागे सरली. चार पावलं. त्याने मोजली.

पाचव्या महिन्यात थुंकीत पुन्हा जंतू निघाले. आता केंद्रात त्या नळ्या आल्या होत्या. मशीनने दोन तासांत सांगितलं ते असं: याच्या छातीतले जंतू नेहमीच्या औषधांतल्या सगळ्यात मोठ्या औषधाला भीकच घालत नाहीत. पाच महिने त्याने एकही दिवस न चुकवता ज्या गोळ्या गिळल्या, त्या जंतूंच्या दृष्टीने चणेफुटाणे होत्या.

सिस्टरने समोर बसवून समजावलं. "हे दोन तऱ्हांनी होतं, काका. एक, माणूस गोळ्या अर्धवट घेतो, मग उरलेले जंतू निबर होतात. दोन, दुसऱ्या कोणीतरी अर्धवट घेतलेल्या असतात, त्याच्याकडून निबर झालेलेच जंतू आपल्याकडे येतात."

"मी अर्धवट घेतल्या नाहीत."

सिस्टरने पेन टेबलावर ठेवलं. "मग कोणाकडून आले असतील?"

त्याच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला, कारण अकरा वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर दुसरा चेहराच नव्हता. बंद खिडक्या, मधे हातभर टेबल, आणि "पावडर रे" म्हणत खोकणारा फुंक्या. त्याने नाव घेतलं. सिस्टरने कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आली. "नाही हो. हे बघा. शेवटची तपासणी स्वच्छ. बरा. शिक्का आहे."

शिक्का होता. बिनचूकला मान वर करवेना. जो संशय तीन महिने त्याच्या उरावर बसला होता, तोच त्याने क्षणात मित्राच्या डोक्यावर नेऊन ठेवला होता, आणि मित्र तर कागदोपत्री धुतल्या तांदळासारखा. घरी येईपर्यंत तो मनातल्या मनात फुंक्याची माफी मागत होता.

जुन्या गोळ्या बंद झाल्या. नव्या सुरू करायच्या आधी रक्त, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी, असल्या तपासण्या होत्या. सिस्टरने घरच्या आणि दुकानातल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि प्रत्येकाला थुंकी द्यायला बोलावलं. खोकला असो वा नसो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला बिनचूक तपासणीसाठी घरातून निघाला. अर्ध्या वाटेवर खिशात हात घातला तर कार्ड नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विसरला होता. स्वतःवर चरफडत परत फिरला. दम लागू नये म्हणून हळू चालत आला, पुढचं दार लोटून आत आला, चप्पल ठरल्या फरशीवर काढायला वाकला, आणि त्याला स्वयंपाकघरातून फुंक्याचा आवाज आला.

"एवढं एकदा, वहिनी. मागच्यासारखंच."

"मागे तुम्ही बरे झाला होता, भाऊजी."

"आत्ताही बराच आहे की. पण त्या सिस्टरने नावं नेलीत. उगाच काहीबाही निघालं तर मालक मला दारात उभं करणार नाही. त्याचंही काम बंद, माझंही बंद. मग तुमच्याकडे कोण बघणार?"

"बरे असाल तर स्वतःचीच द्या ना. भीती कसली?"

फुंक्या हसला, आणि हसता हसता खोकायला लागला. तो खोकला बिनचूकने रोज ऐकला होता. त्या सकाळी तो त्याला पहिल्यांदा ऐकू आला.

तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ओट्यावर केंद्राची प्लास्टिकची डबी होती. डबी उघडी होती आणि झाकण बायकोच्या हातात होतं.

"मागच्यासारखं म्हणजे कसं?" त्याने विचारलं.

नळाचं पाणी वाहत होतं ते बायकोने बंद केलं, आणि मग तीच बोलली, ओट्याकडे तोंड करून. फुंक्याची शेवटची तपासणी होती त्या सकाळी तो आला होता. बिनचूक आंघोळीला गेला होता. फुंक्या म्हणाला, वहिनी, खोकून खोकून घसा फाटला, काही येतच नाही, बरा झालेल्या माणसाला कुठून यायचं, आणि कागदासाठी तर डबी भरायलाच हवी. त्यात काय मोठंसं, असं तिला वाटलं. बरा झालेला माणूस, एका कागदासाठी अडलेला. ती थुंकली आणि झाकण लावून दिलं. सिस्टरच्या रजिस्टरात स्वच्छ म्हणून जी थुंकी लिहिली होती, ती बिनचूकच्या बायकोची होती.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नियमावर बोट ठेवलं असतं," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "गोळ्या कधी सोडल्यास?" त्याने फुंक्याला विचारलं.

"चौथ्या महिन्यात." फुंक्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "उलट्या व्हायच्या रे. आणि बरं वाटत होतं. मधूनमधून घ्यायचो."

"आणि सिस्टरला माझ्याबद्दल ते का सांगितलंस? मी गेल्यावरचं माहीत नाही म्हणून?"

"घाबरलो. तिने माझं कार्ड परत उघडलं असतं."

"माझ्या अंगात आलेलं तुझं आहे, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

फुंक्याने ओट्याची कड धरली. "दोन महिन्यांची तपासणी आली तेव्हा वाटलं होतं. नक्की नाही. वाटलं होतं."

म्हणजे त्यानंतरचे तीन महिने. तीन महिने रोज सकाळी आठला हा इथे आला. आ कर म्हणाला. जीभ वर म्हणाला. ज्या गोळ्यांचा काही उपयोग नाही असं त्याला वाटत होतं, त्या गोळ्या आपण गिळतोय की नाही ते त्याने आपल्या तोंडात डोकावून पाहिलं, आणि पास म्हणाला. आपली बायको मोरी उकरत होती, लेक पाठ फिरवत होती, आणि हा कार्डावर खूण करून दुकानात जात होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापणारा गाणं म्हणत होता आणि आपण त्याला चहा विचारत होतो.

"मी रोज येत तर होतो ना," फुंक्या म्हणाला. "मला दुसरं काय करता येत होतं?"

"बोलता येत होतं," बिनचूक म्हणाला. "जन्मभर तेवढंच तर केलंस."

त्याने ओट्यावरची डबी उचलली. फुंक्याला वाटलं असावं की तो ती भिंतीवर फेकणार. पण बिनचूक रागातही बिनचूकच होता. "अंगणात चल. ही उघड्यावर भरायची असते." त्याने फुंक्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः वाऱ्याच्या बाजूला थांबला. "लांब श्वास घे. आता खोक. माझ्यासमोर."

काही येत नाही म्हणणाऱ्या माणसाची डबी दुसऱ्या उबळीत अर्धी भरली. फुंक्याने ती बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसला. बिनचूकने झाकण घट्ट लावलं, खिशातलं पेन काढलं आणि नाव डबीच्या अंगावर लिहिलं. झाकणावर कधी लिहायचं नाही, झाकणं बदलली जातात, असं सिस्टर सांगायची.

केंद्रात बायकोही आली. कोणी ये म्हटलं नव्हतं. टेबलासमोर उभी राहून तिने सिस्टरला सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. सिस्टरने जुनं रजिस्टर काढलं आणि "बरा" या शब्दावर लाल रेघ मारली.

"म्हणजे त्या वर्षीचे एक्याण्णव," बिनचूक म्हणाला.

"इथे एक्याण्णव," सिस्टर म्हणाली. "वर ब्याण्णवच राहतील, काका. वर गेलेला आकडा खाली येत नाही." ती त्याच्याकडे बघून आणखी काहीतरी बोलणार होती. "तुमच्याबद्दल मी…" एवढंच म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फुंक्याच्या डबीत तेच जंतू निघाले, तसेच निबर. दोघांनाही नवी औषधं लागली, रोजची, निदान सहा महिने आणि कदाचित जास्त. दुकानातल्या बाकी कोणात काही निघालं नाही, बायकोतही नाही, लेक आणि बाळही स्वच्छ. मालकाने खिडक्यांच्या चिकटपट्ट्या काढल्या. काचांवर ओरखडे उठतात म्हणून तो आता सगळ्यांना ऐकू जाईल असं कुरकुरतो.

केंद्राच्या ओसरीवर तपासणीच्या दिवशी दोघांची कधीकधी गाठ पडते. बाकाच्या दोन टोकांना बसतात. फुंक्या हल्ली बडबड करत नाही. एकदा तो म्हणाला, "नव्या गोळ्या घेतोय मी. सगळ्या." बिनचूकने ऐकलं, पण त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. त्या वाक्यावर विश्वास ठेवायला माणसाकडे काय असावं लागतं, हे त्याला आता ठाऊक होतं, आणि ते त्याच्याकडे उरलं नव्हतं.

लेक रविवारी येते. खिडकीबाहेर रडली, बाबा चुकलं म्हणाली, बाळाचा हात धरून त्याच्याकडे हलवला. त्यानेही हात हलवला. तिला त्याने माफ केलं. लेकीला माफ करायला फार लागत नाही. तिने जो संशय घेतला तोही आईकडून ऐकून घेतलेला.

आईचंच जमत नाही. गोळ्यांवर लक्ष ठेवायला आता दुसरं कोणी नाही म्हणून सिस्टरने बायकोचं नाव लिहिलं. ती ते काम फार जिवापाड करते. आठला पाच कमी असताना पेला घासून ठेवते, गोळ्या मोजून वाटीत घालते, त्याच्या पायाशी स्टुलावर बसते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी मी देणार नव्हते त्यांना."

"झाकण तुझ्या हातात होतं."

"हातात होतं. पण देणार नव्हते. खरंच."

ती खरं बोलत असेल. तिचा चेहरा खरं बोलणाऱ्या बाईचाच होता. पण तसाच चेहरा त्याने तीन महिने रोज आरशात पाहिला होता, आणि त्या चेहऱ्याचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता. मोरीतली जाळी त्याच्या डोळ्यांसमोर आली. बाटली आली. आजचं दिसतं, कालचं कुठे दिसतं, हे तिचंच वाक्य होतं.

त्याने गोळ्या घेतल्या, एकेक करून, पाण्याच्या घोटाबरोबर. मग तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

"नका ना दाखवू," ती म्हणाली. "माझा विश्वास आहे तुमच्यावर."

त्याने जीभ खाली घेतली. "बघ," तो म्हणाला, आणि पुन्हा आ केला.

ती बघेपर्यंत तो तसाच बसून राहिला. रोज तसाच बसतो. आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि ती रडत असली तरी तिला नीट बघावं लागतं.